लाल कड खिडकीकडे

३ फेब्रुवारी, सोमवार. अवसरी बुद्रुक

आज नोकरीचा पहिला दिवस, आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दिलेली ही डायरी उघडायचाही. डायरी एका खत कंपनीची आहे. प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला कोणत्या पिकाला काय टाकायचं ते छापलंय. दादा म्हणाले, मला तोंडपाठ आहे, तूच लिही काहीतरी. तर लिहिते.

नोकरी सुभाषभाऊंच्या वर्कशॉपमध्ये. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची लांब शेड, आत दोन टेबलं आणि एक पंखा, तोही फक्त सुभाषभाऊंकडे तोंड करून फिरणारा. इथे मोबाईल स्टार्टर बनतात. शेतातल्या मोटरीजवळ एक लोखंडी पेटी बसवायची, तिच्यात सिमकार्ड असतं. शेतकऱ्याने घरून फोन लावायचा, एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. शिवाय काय झालं ते पेटी बोलूनही सांगते. आमच्या जुन्नर-आंबेगावात बिबट्यामुळे उसाच्या कडेने मोटर चालू करायला जायची कोणाची छाती होत नाही, त्यामुळे पेटीला गिऱ्हाईक भरपूर.

पेटीच्या आत दोन बोर्ड असतात, एकावर एक. वरचा बोर्ड बोलतो: फोन, आवाज, झाकणावरचा लहान दिवा, सगळं त्याच्याकडे. खालचा बोर्ड काम करतो: मोटरीची वीज जोडणं, तोडणं. आणि दोघांना जोडणारी सोळा तारांची चपटी पट्टी. ती पट्टी बसवणं हे माझं काम. डिप्लोमा करून चाकणच्या कारखान्यात दोन वर्षं मी एकच स्क्रू पिळत होते, त्यामानाने ही बढतीच.

काम बायडाबाईंनी शिकवलं. त्या शेजारच्या टेबलावर सोल्डरिंग करतात, पन्नाशीच्या आहेत, हात मात्र माझ्यापेक्षा स्थिर. पट्टीच्या टोकाला एक बारीक दात असतो, तो उलटी बसू नये म्हणून. पण सॉकेटचा नवा माल आला त्याला खाचच नाही. मग काय, बायडाबाई नेलकटरने सगळे दात छाटून ठेवतात. आता सरळ-उलटं ओळखायचं ते पट्टीच्या लाल कडेवरून. त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं: लाल कड खिडकीकडे. मी म्हटलं, पाठ झालं, आता परीक्षा घ्या. त्या हसल्या नाहीत.

राहायची सोय सुभाषभाऊंनीच लावली, दोन आळ्या सोडून साळुबाईंकडे. एकटीच बाई. खोली स्वच्छ, खिडकीतून उसाचं रान दिसतं. भाकरी आणि गवारीची भाजी वाढली आणि लगेच आत गेल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज दिवसाला चौदा पेट्यांवर पोहोचले. पट्टी दाबली की बोटाखाली ‘टक्’ होतं, ते मला फार आवडतं. मग झाकण, चार स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रूवर बायडाबाईंच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका. ठिपका फुटला म्हणजे पेटी कोणीतरी उघडली. एवढं मोठं यंत्र आणि त्याचं सील चवळीएवढ्या नेलपॉलिशचं.

पेटी तपासायची पद्धत अशी की फोन लावायचा, दोन दाबायचं, दिवा विझला आणि आवाजाने ‘मोटर बंद आहे’ म्हटलं की पास. मी विचारलं, खालचा बोर्ड खरंच बंद झाला का ते कसं कळतं. सुभाषभाऊ म्हणाले, इथं मोटर चालवायला थ्री फेज लाईट कुठं आहे, आणि तुम्ही डिप्लोमावाल्यांनी लई डोकं चालवायचं नाय. मी डोकं बंद केलं.

पेटीतला आवाज एका तरुण मुलाचा आहे. आपल्याकडचाच, साधा, ओठातल्या ओठात हसत बोलणारा. पाच वाक्यं आहेत: नमस्कार. मोटर चालू आहे. मोटर बंद आहे. वीज नाही. पुन्हा प्रयत्न करा. दिवसभर ऐकून तो मला ओळखीचा वाटायला लागलाय. बायडाबाई मात्र तपासणीच्या वेळी उठून बाहेर जातात. म्हणतात, पाठ भरते.

९ फेब्रुवारी, रविवार. मढ

सुट्टी. माझ्या हातची एक पेटी घेऊन घरी आले. दादांच्या चेहऱ्यावरचं हसू काही लपेना. आमची मोटर धरणाच्या पाण्यात, घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. पाणी ओसरत जाईल तशी मोटर पुढे सरकवावी लागते, जाळीत अडकलेलं गवत काढायला दर चार दिवसांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरावं लागतं. पंचवीस वर्षं हे चाललंय. आता निदान चालू-बंद करायला तरी पायपीट नको.

पेटी मीच बसवली. हाताने वीज तोडायचा जुना कटआउट गंजून गेला होता, तो काढून टाकला आणि पेटी थेट जोडली. ओतूरहून नवा कटआउट आणला की बसवू. दादांनी ओट्यावर बसून फोन लावला, दोन दाबलं, स्पीकरवर सगळ्या आळीला ऐकवलं. ‘मोटर बंद आहे.’ शेजारचे चांगदेवकाका म्हणाले, तुळशीदास, पोरीनं नाव काढलं राव. दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला रडूच आलं, कारण आई गेल्यापासून ते असं काही करत नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साळुबाई रोज सकाळी चहा झाला की कोणालातरी फोन लावतात, कानाशी धरतात, काही न बोलता ठेवतात. पुन्हा लावतात. आज मी पाणी भरायला आत गेले तर फडताळात आमच्याच वर्कशॉपची पेटी दिसली. दिव्याच्या वायरवर चालणारी, मोटर-बिटर काही जोडलेली नाही. फोन तिलाच असतो.

मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘माझ्या आदेसचा आवाज हाय त्यो.’

आदेश त्यांचा एकुलता एक मुलगा. माझ्याआधी पट्ट्या तोच बसवायचा. ऑक्टोबरात शिनोलीच्या एका विहिरीवर दुरुस्तीला गेला होता, पाण्यात करंट उतरला आणि तिथेच गेला. चार महिने रिकाम्या राहिलेल्या त्याच्या स्टुलावर मी बसते, त्याच्या चिमट्याने काम करते, त्याच्या घरात झोपते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं आणि रागही आला. साळुबाईंचे हात हातात घ्यावेत म्हणून पुढे झाले, तर त्यांनी ते पदराखाली ओढून घेतले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज एक विचित्र झालं. विसावी पेटी तपासत होते. दोन दाबलं. ‘मोटर बंद आहे.’ मी फोन ठेवणार तोच आवाज पुढे म्हणाला, ‘कोण बसलंय तिथं?’

मी फोनकडे बघत राहिले. पुन्हा लावला तर नेहमीचं वाक्य. दहा वेळा लावला, नेहमीचंच. रेकॉर्डिंग करताना मागे कोणीतरी बोललं असेल आणि ते चिपमध्ये राहिलं असेल. फक्त ते मागे बोलल्यासारखं नव्हतं. त्यात हसू नव्हतं.

आमच्या घरात भूत, करणी, उतारा हे शब्द चालत नाहीत. दादा विहाराच्या कामात पुढे असतात. लहानपणी मी अंधाराला घाबरले की ते बॅटरी हातात द्यायचे आणि सांगायचे, जा, बघून ये. मी बघून यायचे. त्या हिशेबाने ही पेटीही बघायला हवी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सुभाषभाऊंना सरळ विचारलं, आदेशचा आवाज कधी रेकॉर्ड केला. ते बराच वेळ बिलबुक चाळत राहिले. मग म्हणाले, कोणी केलाच नाही. चिप बाहेरून येते, तिच्यात तयार आवाज असतो, कुठल्यातरी बाईचा. ‘मागल्या दिवाळीच्या आधी त्यो बदलला. आमाला वाटलं आदेसनंच उचापत केली. त्यो म्हणं, मी नाय केली.’ नवीन चिपा मागवल्या तरी शेडमध्ये जोडल्या की त्याच आवाजात बोलतात.

मग एकदम आवाज चढवून म्हणाले, तुला पट्ट्या बसवायला ठेवलंय, पोलीस पाटील म्हणून नाही. दिवसभर त्यांचा डोळा माझ्यावर होता. त्यांनी पंखासुद्धा भिंतीकडे वळवून ठेवला. आता वारा त्यांनाही नाही आणि आम्हालाही नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज दुरुस्तीला एक जुनी पेटी आली, दोन वर्षांपूर्वीची. उघडली आणि हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. तिच्यातली पट्टी माझ्या पट्ट्यांपेक्षा उलटी आहे. लाल कड बरोबर दुसऱ्या बाजूला.

सर्किटचा नकाशा काढून बसले. जुनी पेटी बरोबर आहे. माझ्या सगळ्या चुकीच्या.

बायडाबाईंना विचारलं, हे टेबल आधीपासून इथेच का. त्या म्हणाल्या, नाही, आधी वर्कशॉप घराच्या पुढच्या खोलीत होतं, तिथे खिडकी डाव्या हाताला होती. दसऱ्याला या शेडमध्ये आलो. इथे खिडकी उजव्या हाताला आहे. टेबल हललं, खिडकी बदलली, पण ‘लाल कड खिडकीकडे’ तेवढं तसंच राहिलं. आदेश तेच म्हणायचा, तेच त्यांनी मला शिकवलं. बोलता बोलता त्यांना कळलं आणि त्यांनी सोल्डरिंगची बंदूक खाली ठेवली.

उलट्या पट्टीने पेटी जळत नाही, हीच पंचाईत. जळली असती तर कळलं असतं. पट्टीच्या दोन्ही कडांच्या तारांना वीज सारखीच आहे, त्यामुळे वरचा बोर्ड नीट बोलतो, दिवाही विझतो. फक्त वरच्याने ‘बंद’ सांगितलं की खालचा मोटर थांबवतो खरा, पण अर्थ लावतो: पुन्हा वीज आली रे आली की चालू. लाईट गेलेली असताना माणूस ‘बंद’ दाबून पाण्यात उतरतो, पेटी सांगते मोटर बंद आहे, आणि लाईट येते. आदेशने शिनोलीला उतरण्याआधी पेटीला फोन लावला असणार. त्याला त्याच्याच आवाजाने सांगितलं असणार.

सुभाषभाऊंना सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, दसऱ्यापासून पावणेदोनशे पेट्या गेल्यात, बोंबललीस तर त्या सगळ्या शेतकऱ्यांनी आधी तुझ्याच दारात यायचं, बहुतेक पट्ट्या तुझ्याच हातच्या आहेत. तक्रार येईल तसतशी बदलू. मी म्हटलं, तक्रार करायला माणूस राहिला पाहिजे ना. ते म्हणाले, तोंड आवर.

दादांना लगेच फोन केला. पाण्यात उतरू नका, रविवारी येतेय.

२३ फेब्रुवारी, रविवार. मढ

आले, पेटी उघडली, पट्टी काढून सरळ बसवली. लाईट असताना चालू करून पाहिली, बंद करून पाहिली, लाईट गेल्यावर पुन्हा आल्यावर पाहिली. बंद म्हणजे बंद. चार स्क्रू, चार लाल ठिपके. काल वर्कशॉपमधल्याही सहा पेट्या अशाच सुधारून तिथल्या फडताळात ठेवल्यात. उद्यापासून नव्या सगळ्या सरळ बसतील, बायडाबाईंनी खिडकीवर पोतं टांगलंय म्हणजे कोणाला ती आठवायलाच नको.

ओतूरला कटआउटचं दुकान बंद होतं. राहू दे, आता घाई नाही. पावणेदोनशे घरांचे नंबर बिलबुकातून उतरवून घेतलेत, उद्यापासून एकेकाला फोन करणार. जीव हलका झाला. दादांनी आज स्वतः पिठलं केलं, खारट झालं होतं, दोघांनी मुकाट्याने खाल्लं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साळुबाईंच्या ओरडण्याने धावत गेले. त्यांनी फोन माझ्या कानाला लावला.

‘नमस्कार. मोटर बंद आहे.’

माझा आवाज. मी बोलते तसा, वाक्याच्या शेवटी थोडा वर जाणारा. मी हे कधीही, कुठेही, कोणासाठी बोललेले नाही.

वर्कशॉपमध्ये गेले. सगळ्या पेट्यांमधून मीच बोलतेय. सुभाषभाऊ म्हणाले, आता हीपण उचापत तुझीच का.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नंबर उतरवलेला कागद गायब आहे. बिलबुक कुलपात. अठ्ठावीस जणांना फोन करून झाले होते, त्यातले वीस म्हणाले, तुमचा फोन आत्ताच तर येऊन गेला, ताई, काळजी करू नका, सगळं ठीक आहे असं तुम्हीच सांगितलंत.

तो आधीचा फोन मी केलेला नाही.

१ मार्च, शनिवार

साळुबाईंनी माझी पिशवी ओट्यावर आणून ठेवली. म्हणाल्या, ‘त्याच्या जागंवर बसलीस, त्याचा आवाजबी खाल्लास. माझ्याकडं तेवढाच व्हता.’ मी म्हटलं, मी काही केलं नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी उचलली. दाराशी पोहोचले तर मागून म्हणाल्या, ‘जाऊ दे. निदान त्यो तरी सुटला.’

मला त्यांचा राग यायला हवा. येत नाही. भीतीच वाटते.

दादांचा फोन आला. खूश होते. म्हणाले, ‘पेटी आता तुझ्याच आवाजात बोलती गं. लई ग्वाड. करमत नसलं का लावतो मी फोन.’

२ मार्च, रविवार

कालपासून बायडाबाईंकडे आहे. आजचा दिवस राहिलेलं सामान हलवण्यात गेला, मढला जाणं झालं नाही. रात्रीची भाकरी झाल्यावर त्यांनी सांगितलं. आदेशचा आवाज पेट्यांत आला तेव्हा तो हसला होता. घरी पेटी नेऊन आईला ऐकवली होती. त्यानंतर आठव्या दिवशी तो शिनोलीला गेला.

‘मेल्यावर आलेला आवाज न्हाई त्यो, पोरी. आधी आला व्हता.’

मी म्हटलं, योगायोग. त्या म्हणाल्या, असंल.

२५ तारखेपासून मोजलं. आठवा दिवस मंगळवारी.

३ मार्च, सोमवार

वर्कशॉपच्या फडताळातल्या सहा पेट्या आज पाठवायच्या होत्या. त्याआधी उघडून बघितल्या. ठिपके शाबूत. एकही फुटलेला नाही, मीच लावलेले, माझ्या हाताने.

आत सहाही पट्ट्या उलट्या.

लाल कड खिडकीकडे. पोतं टांगलेलं असूनसुद्धा.

म्हणजे मढची पण.

दादांना फोन केला, सगळं सांगितलं. पट्टी, आदेश, आवाज, आठ दिवस. सांगायला नको होतं, पण माझा धीरच सुटला होता, मी रडत होते. म्हटलं, डीपीवरच्या ग्रिपा काढा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरूनच वीज तुटेल. ते म्हणाले, चांगदेवाची मोटर त्याच ग्रिपांवर आहे, त्याचा कांदा भरणीला आलाय, त्याचं पाणी कसं तोडू. मग म्हटलं, बरं, काही करू नका, पाण्याजवळ जाऊ नका. उद्या पहिल्या गाडीने येते, मी स्वतः पेटी काढते, मोटरही बाहेर ओढते.

दादांनी विचारलं, ‘तू उतरणार पाण्यात? उद्या? आठव्या दिशी?’

मी म्हटलं, मोटरीची थ्री फेज लाईट दहाला येते, मी त्याआधी उरकते.

त्यांनी गाडी किती वाजता पोचेल ते विचारलं. मग म्हणाले, बरं.

आजची शेवटची गाडी गेली. सुभाषभाऊंना मोटारसायकल मागितली. त्यांनी शेडचं दार लावून घेतलं.

४ मार्च, मंगळवार

६.१० — मंचरच्या स्टँडवर. गाडी लागलीय. नवा कटआउट पिशवीत, रबरी हातमोजे पण. मला काही होणार नाही. मी बघून येणार.

७.०५ — नारायणगाव. दादांना फोन. उचलला नाही. गोठ्यात असतील.

७.४० — आळेफाटा. कल्याणची गाडी मिळाली, मढला उतरेन. पेटीला फोन लावून पाहिला. मीच बोलले. मोटर बंद आहे. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझा आवाज आहे म्हणजे पाळी माझी. दादांचा नाही. माझ्यावर आहे तोवर ते —

८.१५ — ओतूर. दादा उचलत नाहीत. आठ वेळा लावला. गाडी थांबलीय, ड्रायव्हर चहा पितोय. उतरून ओरडावंसं वाटतं.

८.२५ — चांगदेवकाकांनी उचलला. म्हणाले, तुळशीदास तर उजाडताच गेला धरणावर. टॉवेल-बनियन घेऊन. म्हणाला, ‘पोरगी यायच्या आत मोटर वर काढून ठिवतो. तिला पाण्यात उतरू द्यायची नाय.’

मी म्हटलं, काका पळा. ग्रिपा काढा. पळा. ते म्हणाले, लाईट दहाला येती, घाबरतीस काय. मी ओरडले. सगळी गाडी बघतेय. ते निघाले. म्हातारं माणूस, पाय दुखतो —

८.३१ — लाईट दहाला. आत्ता साडेआठ. दीड तास आहे. दीड तास पुष्कळ आहे.

८.३४ — दादा उतरण्याआधी पेटीला फोन लावणार. नेहमीसारखा. मी त्यांना सांगणार, मोटर बंद आहे. आणि ते माझं ऐकणार. माझं ते कायम ऐकतात.

८.३८ — डिंगोरे गेलं. रस्त्याकडेच्या चक्कीत पट्टा फिरतोय. चक्की मोटरीसारखीच थ्री फेजवर चालते.

लाईट आलीय.

आज लवकर —

८.३९ — दादा उचला

८.४० — पेटीला लावला. पेटीने उचलला.

माझा आवाज नाही.

दादा आहेत. पेटीत दादा बोलतायत, हसत, हळू. नमस्कार नाही म्हणाले. म्हणाले, मोटर बंद हाय बाय, तू नको उतरू, मी उतरलोय, मीच